मोठीने आधी विचारायचं

आमच्या ओसेत्स गावात औषधाच्या दुकानाचा विषय निघाला की दुकानाआधी लुत्सिनाबाई डोळ्यांसमोर येतात. उंच, ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. सगळं आयुष्य त्या काउंटरमागे गेलं. खोकल्याचं औषध देताना ‘दिवसातून तीनदा, जेवणानंतर’ असं त्या नुसतं सांगत नसत, समोरच्याकडून म्हणवून घेत. मी शाळेत मुलांकडून नद्यांची नावं म्हणवून घेत होतो त्या काळात त्या अख्ख्या गावाकडून औषधांच्या वेळा म्हणवून घेत होत्या. आता आम्ही दोघंही निवृत्त. एकाच इमारतीत राहतो. मी तळमजल्यावर, त्या तिसऱ्यावर, आणि त्यांच्या दारासमोरचं दार रेगिनाबाईंचं.

रेगिनाबाई काचकारखान्यात भट्टीच्या कामावर होत्या. बुटक्या, गोल, एका पायाने किंचित लंगडणाऱ्या, बोलताना समोरच्याच्या बाहीला हात लावण्याची सवय. त्यांचे यजमान गेले तेव्हा लुत्सिनाबाई कितीतरी रात्री त्यांच्या सोफ्यावर झोपायला गेल्या. लुत्सिनाबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रेगिनाबाई रोज दुपारी बिटाचं सूप घेऊन समोरच्या दारात उभ्या. दोघींकडे एकमेकींच्या घरांच्या किल्ल्या आहेत. आणि तरीही तीस वर्षं ‘अहो लुत्सिनाबाई’ आणि ‘अहो रेगिनाबाई’.

यात आमच्याकडे कोणाला काही वावगं वाटत नाही. नुसत्या ओळखीने कोणी कोणाला ‘अगंतुगं’ करू लागत नाही. त्यासाठी दोघांनी पेले हातात घ्यायचे, कोपरात कोपर अडकवून प्यायचं, गालाला गाल लावायचा आणि एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची. तिथून पुढे ‘तू’. आणि हे सुचवायचं ते मोठ्या माणसाने. धाकट्याने सुचवलं तर तो आगाऊपणा ठरतो. लुत्सिनाबाई जन्मात कधी आगाऊपणा करतील असं मला वाटत नाही. औषधाच्या दुकानात रांग मोडणाऱ्या पाद्रीबाबांनाही त्यांनी मागे पाठवलं होतं.

बरं, मोठं कोण हे तरी कसं कळावं? आमच्याकडे वाढदिवस लहान मुलांचे. मोठ्या माणसांचा साजरा होतो तो नावाचा दिवस, त्या नावाच्या संताचा. जूनच्या अखेरीला लुत्सिनाबाईंचा, सप्टेंबरात रेगिनाबाईंचा. केक होतो, फुलं येतात, चेरीच्या दारूची बाटली उघडते. पण केकवर मेणबत्त्या नसतात, आणि कितवं लागलं हे विचारायची पद्धत नाही. एवढ्या वर्षांत त्या दोघींनी एकमेकींचे किती नावाचे दिवस साजरे केले असतील कोण जाणे. वय मात्र कधी निघालं नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या ज्येष्ठ मंडळात इलोनाबाई आल्या. साठीच्या जरा पुढे, तांब्याच्या रंगाचे केस, मोठे कानातले. वुच शहरात त्यांचं केस कापायचं दुकान होतं, ते विकून मुलाकडे राहायला आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मंडळातल्या निम्म्या बायकांचे केस फुकट कापले. रेगिनाबाईंचे केस तर असे कापले की त्या दहा वर्षांनी लहान दिसू लागल्या, आणि त्यांनाही ते कळलं. जिन्यात आरशासारखी चकाकणारी मीटरची पेटी आहे, तिच्यासमोर त्या थांबू लागल्या.

“कसे दिसतात?” त्यांनी लुत्सिनाबाईंना विचारलं. मी पत्रपेटी उघडत होतो म्हणून ऐकलं.

“नीट बसलेत,” लुत्सिनाबाई म्हणाल्या. “मानेला थंडी लागेल.”

मग रेगिनाबाई मंगळवारी इलोनाबाईंबरोबर पाण्यातल्या व्यायामाला जाऊ लागल्या. मंगळवार हा आधी लुत्सिनाबाईंचा होता. त्या दिवशी दोघी बाजारातून दही-चीज आणि बडीशेप आणायच्या. आता लुत्सिनाबाई एकट्या आणायच्या आणि समोरच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवून ठेवायच्या. बेल वाजवत नसत.

“आत नाहीत का त्या?” मी एकदा विचारलं.

“असतील. इलोनाबाईंनी त्यांना दमवलं असेल. पाण्यात उड्या मारवतात म्हणे. या वयात.” त्यांनी ‘या वयात’ हे असं म्हटलं की जणू रेगिनाबाई नव्वदीच्या आहेत.

मे महिन्यात आमच्या मंडळाची सहल असते, दरवर्षी एका शहराची. यंदा तोरून. दोन दिवस, संग्रहालयं, जुने रस्ते, एक रात्र मुक्काम. बसमध्ये कोणी कुठे बसायचं हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. चौथ्या रांगेत उजवीकडे लुत्सिनाबाई आणि रेगिनाबाई. खिडकी रेगिनाबाईंची, कारण त्यांना बस लागते. मी त्यांच्या मागे.

त्या सकाळी लुत्सिनाबाई डबा घेऊन चढल्या तर चौथ्या रांगेत खिडकीशी रेगिनाबाई आणि शेजारी इलोनाबाई.

“या, लुत्सिनाबाई,” इलोनाबाई आनंदाने म्हणाल्या. “पुढची जागा आहे ना रिकामी. आपण सगळ्या जवळजवळच आहोत की.”

रेगिनाबाईंनी मान वर करून पाहिलं. त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं असावं. “इलोनाबाईंना मागे बसलं की चक्कर येते,” त्या म्हणाल्या.

“हो ना. चक्कर वाईटच,” लुत्सिनाबाई म्हणाल्या आणि सरळ मागे येऊन माझ्या शेजारी बसल्या. पूर्ण रस्ता त्यांनी समोरच्या दोन डोक्यांकडे पाहत काढला. एक तांब्याच्या रंगाचं, एक नीट कापलेलं. ती डोकी हसताना एकत्र येत आणि पुन्हा लांब होत. दर वेळी लुत्सिनाबाई पर्सची कडी उघडून बंद करत.

“त्या कशाला एवढ्या हसतायत?” त्यांनी विचारलं.

“ऐकू येत नाही.”

“तुम्ही पुढे वाकलात तर येईल.”

मी वाकलो नाही. तेव्हा त्या स्वतः वाकल्या, बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

डब्यात उकडलेली अंडी होती, मीठ कागदाच्या पुडीत, सोललेल्या काकड्या, लोण्याचे पाव. सगळं दोघींपुरतं. रेगिनाबाईंच्या वाट्याचं माझ्या हातात आलं. समोर इलोनाबाईंनी चॉकलेटचा मोठा डबा उघडला होता. बस लागणाऱ्या बाईला चॉकलेट देतात, हे पाहून लुत्सिनाबाईंतली औषधवाली बेचैन झाली. अर्ध्या तासाने रेगिनाबाईंना मळमळू लागलं, तेव्हा लुत्सिनाबाईंनी पर्समधून आल्याची गोळी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “सर, ही पुढे द्या. तुमची म्हणून द्या.”

तोरूनमध्ये आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीने हिरवी छत्री उंच धरली आणि आम्ही त्या छत्रीमागे निघालो. आमच्या सहली अशाच असतात. निम्मे लोक शहर बघतात, निम्मे एकमेकांना. लाल विटांच्या भिंती, उतरत्या छपरांच्या कोठारांची रांग, कोपऱ्याकोपऱ्यावर प्येर्निकचा वास. मध आणि मसाला घातलेली ती बिस्किटं तिथे इतकी विकतात की वास कोटाला चिकटून गावापर्यंत येतो. कलता बुरूज लागला तेव्हा सगळे थांबले. तिथे भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून, दोन्ही हात पुढे धरून उभं राहायचं. ज्याला तोल सांभाळता येईल तो निष्पाप, जो पुढे पडेल तो पापी. भिंतच पुढे झुकलेली असल्यामुळे बहुतेक सगळे पापी ठरतात, आणि त्यातच मजा असते.

रेगिनाबाई उभ्या राहिल्या आणि लगेच पुढे आल्या. इलोनाबाईंनी त्यांना मिठीत झेललं. लोक हसले.

“पाप काय केलंत ते सांगा आता,” सेक्रेटरी म्हणाले.

“सांगते, पण इलोनाबाईंनाच,” रेगिनाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. दोघी हसत राहिल्या.

“लुत्सिनाबाई, आता तुम्ही,” कोणीतरी म्हणालं.

“मला नको. माझं मला माहीत आहे.”

नगरभवनातल्या संग्रहालयात जुन्या व्यापाऱ्यांच्या बायकांची चित्रं होती. पांढऱ्या गळपट्ट्यातल्या, ओठ मिटलेल्या, हातात हातमोजे धरलेल्या. लुत्सिनाबाई एका चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. चित्रातल्या बाईचे केस तांबूस होते आणि ती चित्रकाराकडे नको तेवढं हसत होती.

“या बाईला नवरे किती झाले असतील?” त्यांनी मला विचारलं.

“खाली लिहिलंय, दोन.”

“बघा,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे गेल्या. इलोनाबाईंनाही दोन नवरे झाले होते, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं.

मी लुत्सिनाबाईंना तीस वर्षं ओळखतो. दुसऱ्याला लागेल असं त्यांनी क्वचितच काही बोललेलं मी ऐकलं असेल. त्या दिवशी मात्र त्या थांबेचनात. इलोनाबाईंचे कानातले दारावरच्या कडीएवढे आहेत. इलोनाबाई गाईडला मध्येच प्रश्न विचारतात. इलोनाबाईंनी छत्री धरायला मागितली, आज छत्री, उद्या मंडळ. हे सगळं त्या माझ्या कानाशी, अगदी सभ्य आवाजात बोलत, आणि डोळे मात्र पूर्ण वेळ रेगिनाबाईंच्या हातावर. तो हात आता दुसऱ्या बाहीला लागत होता.

संध्याकाळी जेवण विस्वा नदीकाठच्या एका खानावळीत होतं. आधी आंबट सूप, मग मांस आणि कोबी, आणि टेबलांवर चेरीच्या दारूच्या बाटल्या. दोन पेल्यांनंतर सेक्रेटरींनी गाणं सुरू केलं. तेवढ्यात रेगिनाबाई खुर्चीवरून उठल्या. पेला हातात, गाल लाल.

“इलोनाबाई,” त्या म्हणाल्या, “हे ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ पुरे झालं आता. मी मोठी, तेव्हा मीच विचारते. मी रेगिना.”

इलोनाबाई इतक्या पटकन उठल्या की त्यांची खुर्ची मागे पडली. कोपरात कोपर अडकले, पेले रिकामे झाले, गालाला गाल लागले, तीनदा.

“इलोना,” त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. “तुला सांगू, या गावात मला अजून कोणीच ‘तू’ म्हटलं नव्हतं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लुत्सिनाबाईंनीही वाजवल्या. मग त्यांनी काटा-सुरी ताटात सरळ एकमेकांशेजारी ठेवली, कोबी तसाच होता, आणि म्हणाल्या, “इथे फार गरम होतंय.” आणि बाहेर गेल्या.

थोड्या वेळाने मीही गेलो. अजून उजेड होता. त्या नदीकाठच्या बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर उभी धरून. मी शेजारी बसलो.

“त्या कधीपासून ओळखतात तिला?” त्यांनी विचारलं.

“हिवाळ्यापासून.”

“हिवाळ्यापासून.” त्यांनी तो शब्द कडू गोळीसारखा गिळला. “सर, त्यांचा नवरा गेल्यावर त्याला शेवटचे मोजे मी घातले. त्यांना जमत नव्हतं म्हणून. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा केक माझ्या फ्रीजमध्ये होता, त्यातलं माझं सगळं सामान मी खिडकीबाहेर ठेवलं होतं. आणि ‘तू’ कोणाला, तर डोक्याला रंग लावणाऱ्या बाईला.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत?”

“मी कशी विचारणार? त्या मोठ्या आहेत. मोठीनं आधी विचारायचं, हे तुम्हाला माहीत नाही?”

“त्या मोठ्या आहेत हे कशावरून?”

“त्यांना पेन्शन माझ्या कितीतरी आधी सुरू झालं. इथे राहायला आल्या तेव्हाच लग्नाची मुलगी होती. पाय लंगडा. काहीतरी हिशेब येतो ना माणसाला. दर वर्षी त्यांच्या नावाच्या दिवशी मला वाटायचं, आज विचारतील. बाटली माझ्याच हाताने उघडायची मी. त्या म्हणायच्या, घ्या ना, लुत्सिनाबाई, केक घ्या.”

काचभट्टीवरच्या बायकांना पेन्शन लवकर मिळतं हे मला ठाऊक होतं, पण रेगिनाबाईंचं वय मलाही ठाऊक नव्हतं.

“घरी गेलं की त्यांची किल्ली त्यांच्या पत्रपेटीत टाकणार आहे,” लुत्सिनाबाई म्हणाल्या. “आता त्यांना द्यायला माणूस आहे. मी उगीच कशाला ठेवून घेऊ.”

“त्यांना लागेल ते.”

“मला लागत नाही का?” त्या नदीकडे पाहत होत्या. आवाज अगदी शांत होता. त्या किल्ली खरोखरच टाकणार होत्या. एकदा ठरवलं की त्या मागे फिरत नाहीत, आणि रेगिनाबाई अशा की किल्ली परत आली तर का म्हणून विचारणार नाहीत. दोन दारं समोरासमोर कायमची बंद झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला रेगिनाबाई नेहमीसारख्या म्हणाल्या, “लुत्सिनाबाई, झोप लागली का?”

“लागली, श्रीमती माल्चिक. आभारी आहे.”

रेगिनाबाईंच्या हातातला चमचा थांबला. आडनावाने हाक म्हणजे आमच्याकडे दार तोंडावर लावण्यासारखं आहे. ती कचेरीत मारतात, किंवा भाडेकरूला. रेगिनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पावाला लोणी लावत राहिलो.

“माझं काही चुकलं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुमचं कशाला चुकेल,” लुत्सिनाबाई म्हणाल्या आणि अंडं फोडलं.

त्या दिवशीचं मुख्य आकर्षण होतं प्येर्निकचं संग्रहालय. तिथे नुसतं बघायचं नसतं, लाकडी साच्यांतून स्वतः बिस्किटं पाडायची असतात. जुन्या काळचा एप्रन बांधलेली एक तरुण मुलगी पीठ वाटत होती. एका टेबलाला चौघं. सेक्रेटरींनी छत्रीच्या टोकाने माणसं वाटली आणि आमच्या टेबलाशी आले ते लुत्सिनाबाई, रेगिनाबाई, इलोनाबाई आणि मी. लुत्सिनाबाईंनी पीठ असं मळलं की जणू ते त्यांचं काही देणं लागत होतं आणि त्या ते वसूल करत होत्या.

“आता प्रत्येक टेबलावरची सगळ्यांत मोठी बाई म्हणजे उस्ताद,” मुलगी म्हणाली. “साचा तिनंच उलटा करायचा. बाकीच्यांनी फक्त बघायचं. या टेबलावर मोठ्या कोण?”

“कोणी नाही. इथे सगळ्या तरुण आहेत,” मी म्हणालो. आमच्या वयाच्या पुरुषांनी असं म्हणायचंच असतं.

इलोनाबाई हसल्या. लुत्सिनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हाताचं पीठ झटकलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा काउंटरवरच्या आवाजात म्हणाल्या, “श्रीमती माल्चिक मोठ्या. आमच्यात सगळ्यांत वयस्कर त्याच आहेत. केस कापले म्हणून वय कापलं जात नाही.”

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं.

“मी?” रेगिनाबाई म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता, नुसतं आश्चर्य वाटलं होतं. “तुमच्यापेक्षा मोठी?”

“मग?”

“अहो लुत्सिनाबाई, मी बावन्न सालची.”

लुत्सिनाबाई पुन्हा हाताचं पीठ झटकू लागल्या, झटकायला काही उरलं नव्हतं तरी.

“आणि तुम्ही?” मुलीने विचारलं. बिचारीला एवढंच पाहिजे होतं की साचा कोणीतरी उलटावा.

“पन्नास,” लुत्सिनाबाई म्हणाल्या.

“म्हणजे उस्ताद तुम्हीच,” ती म्हणाली आणि साचा त्यांच्यापुढे सरकवला.

साचा होता घोडागाडीचा. लुत्सिनाबाईंनी तो उचलला. टेबलावर उलटा आपटला. गाडी नीट बाहेर आली, घोड्याचा एक पाय मात्र साच्यातच राहिला.

“चालेल, भाजल्यावर कळत नाही,” मुलगी म्हणाली.

“कळतं,” लुत्सिनाबाई म्हणाल्या.

दुपारचं जेवण एका जुन्या साध्या खानावळीत होतं. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, खिडकीतून बटाटा-चीज भरून उकडलेल्या, करंजीसारख्या प्येरोगी घ्यायच्या, काचेच्या ग्लासात उकळलेल्या फळांचं सरबत. रांगेत माझ्यापुढे लुत्सिनाबाई, त्यांच्यापुढे रेगिनाबाई. इलोनाबाई आधीच टेबल धरायला गेल्या होत्या.

“रेगिनाबाई,” लुत्सिनाबाई मागून म्हणाल्या. आडनाव गेलं होतं. “तुम्हाला माहीत होतं, मी मोठी आहे?”

“माहीत कसं असणार. पण वाटायचं. तुमचे केस मी आले तेव्हाच पांढरे होते.” रेगिनाबाई वळल्या नाहीत. त्यांच्या हातात ट्रे होता. “आणि वयाने सारख्या असतो तरी मी विचारलं नसतं. तुम्ही दुकानातल्या, पांढरा कोट घालणाऱ्या. मी भट्टीवरची. मला वाटलं, तुम्हाला नकोच असेल ते. शेजारीण म्हणून ठीक, एवढंच.”

“मला नको असेल?”

“इतकी वर्षं विचारलं नाहीत, तेव्हा काय समजायचं मी? प्रत्येक नावाच्या दिवशी वाटायचं, आज. तुम्ही बाटली उघडायचात आणि म्हणायचात, रेगिनाबाई, पेला पुढे करा. मी पेला पुढे करायची. तुम्ही ओतून खाली बसायचात.”

रांग पुढे सरकली. लुत्सिनाबाई सरकल्या नाहीत. मागून कोणीतरी घसा खाकरला.

“मग तिला का विचारलंत?” त्यांनी विचारलं. “हिवाळ्यात आलेल्या बाईला.”

आता रेगिनाबाई वळल्या. “कारण तिथे मी मोठी होते. आणि वाट बघावी लागते तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत होतं. तिला वाट बघायला नको लावायला, असं वाटलं.”

लुत्सिनाबाईंचा चेहरा पाहून मी दुसरीकडे, भिंतीवरच्या जेवणाच्या यादीकडे पाहू लागलो. कालपासून ज्या गोष्टीसाठी त्या तडफडत होत्या ती तीस वर्षं त्यांच्याच हातात होती, आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी तेवढीच वर्षं हात पुढे करून बसलं होतं.

“बाई, प्येरोगी किती?” खिडकीतून विचारणा झाली.

“थांबा जरा,” लुत्सिनाबाई म्हणाल्या. त्यांनी रांग अडवली, आयुष्यात पहिल्यांदा. दोघींचे ट्रे खिडकीच्या कठड्यावर ठेवले, सरबताचा एक ग्लास रेगिनाबाईंच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला. “हे सरबत आहे. चालतं का ते मला माहीत नाही.”

“सर, चालतं का?” रेगिनाबाईंनी मला विचारलं.

“चालतं,” मी म्हणालो. तसा नियम कुठे नाही, पण मी पंचेचाळीस मिनिटांचे तास घेत आयुष्य काढलंय, ठामपणे बोलायची सवय आहे.

लुत्सिनाबाई फार उंच आणि रेगिनाबाई फार बुटक्या. कोपरात कोपर अडकेना. शेवटी लुत्सिनाबाई गुडघा दुमडून वाकल्या, तोच शस्त्रक्रियेचा गुडघा, आणि अर्धं सरबत रेगिनाबाईंच्या बाहीवर सांडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मागचे लोक भुकेले होते.

“लुत्सिना,” लुत्सिनाबाई म्हणाल्या.

“रेगिना. तुम्ही आता सरळ उभ्या राहा, गुडघा दुखेल.”

“तू.”

“तू उभी राहा,” रेगिनाबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, जणू काही भलतंच बोलून गेल्या.

टेबलाशी इलोनाबाई खुर्च्या राखून बसल्या होत्या. रांगेतलं सगळं त्यांनी पाहिलं होतं. त्या उठल्या, चेहरा खुललेला, हातातला ग्लास थोडा पुढे केलेला. वयाने सगळ्यांत धाकट्या. त्या स्वतः विचारू शकत नव्हत्या, म्हणून नुसत्या उभ्या होत्या. रेगिनाबाईंनी लुत्सिनाबाईंच्या बाहीला हात लावला. सगळ्यांना कळत होतं आता कोणी बोलायचं ते.

लुत्सिनाबाईंनी त्या ग्लासाकडे पाहिलं, त्या कानातल्यांकडे पाहिलं, आणि ट्रे टेबलावर ठेवला.

“इलोनाबाई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही जरा पलीकडे सरकता का? इथे मी बसते.”

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. किल्ली पत्रपेटीत पडली नाही. मंगळवारी तिघी पाण्यात जातात आणि तिघी बाजारातून येतात. जिन्यात लुत्सिनाबाई आणि रेगिनाबाई अजूनही निम्म्या वेळा ‘अहो’ म्हणतात, मग थांबून दुरुस्त करतात. इलोनाबाई मात्र लुत्सिनाबाईंना पूर्ण मानाने ‘तुम्ही’ म्हणतात, पिशवी उचलून देतात, प्रत्येक सणाला चेरीची बाटली घेऊन येतात. परवा जिन्यात मी लुत्सिनाबाईंना विचारलं, “त्यांना किती दिवस ताटकळत ठेवणार?”

त्यांनी पर्सची कडी बंद केली.

“बघू,” त्या म्हणाल्या. “वय कुठे झालंय अजून तिचं.”